आईचं हाड, माझी शुगर

‘अगं, काही नाही झालं. जरा पाय घसरलाय. ऑफिसला जाताना येऊन गेलीस तरी चालेल.’

पहाटे साडेपाचला आईचा असा फोन आला की समजायचं, बरंच काहीतरी झालंय. माझी आई ‘काही नाही’ हे शब्द मोठ्या गोष्टींसाठीच राखून ठेवते. मी नाइट ड्रेसवरच गाडी काढली आणि बाणेरहून चिंचवड वीस मिनिटांत गाठलं. (पुण्यात हे शक्य आहे. फक्त त्यासाठी पहाटे साडेपाचला निघावं लागतं.) आई बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून अर्धवट आडवी होती, उजवा पाय विचित्रपणे बाहेर वळलेला आणि बाबांना ऑर्डर सुरू, ‘आधी तो नळ बंद करा, बादली वाहतेय!’

पाणी भरायला उठली होती, रोजच्यासारखी. एका पायातली स्लिपर मागेच राहिली आणि ते तिला कळलंच नाही. पुढचं पाऊल ओल्या फरशीवर पडलं, खेळ खलास. जिना नाही, स्कूटर नाही, उभ्या जागी पडली आणि खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत धातूचा रॉड आणि पुढचे कित्येक आठवडे वॉकर.

आता यातली मेख ऐका. आठ महिन्यांपूर्वी, आईच्या चौसष्टाव्या वाढदिवसाला, मीच तिला हेल्थ चेकअपचं पॅकेज गिफ्ट दिलं होतं. त्यात डेक्सा स्कॅन होता, म्हणजे हाडांची घनता मोजणारी टेस्ट. तिचा टी-स्कोअर आला उणे १.६. ऑस्टिओपोरोसिस म्हणायला तो उणे २.५ किंवा त्याखाली जावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली ही रेघ आहे. म्हणजे आई पास! ‘वयाच्या मानाने छान आहेत हाडं,’ असं आम्हाला सांगितलं गेलं. मी तो रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे आले.

मग छान असलेलं हाड मोडलं कसं?

हा प्रश्न डोक्यात भुणभुणत असतानाच, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेली असताना, मोबाइलवर माझ्या कंपनीच्या वार्षिक तपासणीचा मेल आला. वजन ठीक, बीएमआय २२, एकदम ‘नॉर्मल’. खाली बारीक अक्षरात एचबीएवनसी ५.९. म्हणजे प्रीडायबेटिस.

मी? वय वर्षं तेहतीस, अजून साइज ‘एस’ घालणारी मी? ऑफिसमध्ये बर्थडे केकचा दुसरा पीस मिळतो तो ‘तुला काय गं, तू तर बारीक आहेस’ या कोट्यातून!

एकीकडे नॉर्मल हाड, ते मोडलं. दुसरीकडे नॉर्मल वजन आणि रक्तात साखर. मंडळी, त्या कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या खुर्च्यांवर झोप लागणं अशक्य असतं. त्यामुळे मी पुढच्या चार रात्री जे जे वाचता येईल ते वाचून काढलं. आणि दोन्ही प्रश्नांची वाट येऊन पोहोचली कुठे, तर आपल्याच पुण्यात, रास्ता पेठेत.

दोन डॉक्टर, एक फोटो

रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल (मुंबईचं नव्हे, आपलं). तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहेत. आपल्याकडची माणसं पाश्चात्त्यांपेक्षा बारीक असतात, तरी त्यांना डायबेटिस लवकर का गाठतो?

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छोटंसं, एका पानात मावणारं टिपण लिहिलं. सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. वजनकाट्याच्या हिशोबात दोघं जुळे भाऊच! पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन साहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावातल्या ‘वाय’वरून या कोड्याला नाव पडलं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’.

त्या टिपणात एक भन्नाट कबुलीही आहे. युडकिन संधी मिळेल तेव्हा मॅरेथॉन पळतात. आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम कोणता, तर सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत आत शिरणं! हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हिंजवडीत आम्ही सगळे हाच व्यायाम करतो.

आणि ही चरबी मोजली कशाने? डेक्साने. आईची हाडं ज्यावर मोजली त्याच जातीचं मशीन. क्ष-किरणांच्या दोन वेगवेगळ्या शक्तींचे झोत अंगातून जातात आणि हाड, चरबी, बाकीचं मांस यांचा वेगवेगळा हिशोब मांडता येतो. म्हणजे मला आणि आईला हव्या असलेल्या दोन्ही उत्तरांचा पत्ता एकाच मशीनमध्ये होता. आपण फक्त अर्धा रिपोर्ट वाचत होतो.

सहा गावं आणि एक पिढी

पण बारीक अंगात ही चरबी येते कुठून? पिझ्झा, चिप्स, डेस्क जॉब ही उत्तरं मलाही पाठ होती. याज्ञिक आणि त्यांची टीम मात्र त्याच्याही मागे गेली, थेट आईच्या पोटात.

१९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर राहिलेल्या जवळजवळ आठशे बायका, त्यांचा आहार, त्यांचं रक्त, त्यांचे नवरे आणि मग त्यांची बाळं. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन होतं साधारण ४२ किलो. शेतात राबणाऱ्या, बऱ्याचशा शाकाहारी. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांशी केली गेली. तिकडची बाळं साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र तितकीशी घटलेली नव्हती. सगळ्या खर्चाला कात्री लावणाऱ्या घरात एकच डबा भरलेला ठेवावा, तसं! याला त्यांनी नाव दिलं ‘थिन-फॅट बेबी’. वरून बारीक, आतून गुबगुबीत.

हीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. अठरा म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष, नुकती मिसरूड फुटलेली वगैरे. जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर नॉर्मलच्या वर गेली होती. खेड्यातली, अशक्त दिसणारी मुलं! आणि ज्यांची साखर अठराव्या वर्षी चढली, त्यांची सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती.

इथे मी मोबाइल बाजूला ठेवला. मी सहा वर्षांची असताना आई मला शाळेच्या डब्यात साखरांबा-पोळी द्यायची. आता यात दोषी कोण, आई की साखरांबा? कोणीच नाही. माझ्या जन्माच्या वेळी ती स्वतः ४४ किलोची होती, शिवाय नोकरी आणि आठवड्याला दोन उपास. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळचं वजन? विचारलं तर म्हणाली, ‘अडीच किलो. सगळे म्हणाले, नाजूक आहे.’

नाजूक! घ्या.

याच अभ्यासातलं आणखी एक सापडलेलं सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. २०१२ मध्ये त्याच गावांतल्या त्याच, आता वयात आलेल्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन बघायचा प्रयोग सुरू झाला. उद्याच्या आईबापांना आजच तयार करायचं, असा त्यामागचा फंडा.

आणि हाडं?

इथे आईच्या प्रश्नाचा पहिला धागा सापडतो. ती सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांना डेक्साखाली झोपवलं होतं आणि चरबीबरोबर हाडंही मोजली होती. त्याचा निबंध २००६ मध्ये आला. गरोदरपणी ज्या आया दूध, डाळी, पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्यांचं फोलेट चांगलं होतं, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरीव. आणि हो, मुलांच्या हाडांचं बाबांच्या हाडांशी असलेलं नातं आईइतकंच घट्ट निघालं. त्यामुळे ‘आईने नीट खाल्लं नाही’ ही टेप इथेच बंद करू या.

थोडक्यात, साखरेचं खातं आणि हाडांचं खातं एकाच दिवशी, एकाच बँकेत उघडतं. आपण मात्र आयुष्यभर साखरेसाठी एका डॉक्टरकडे जातो, हाडांसाठी दुसऱ्याकडे. आणि दोन फायली घरात दोन वेगळ्या कपाटांत.

शिळ्या पोळीची थिअरी

आता मूळ मुद्दा. स्कोअर बरा, तरी हाड मोडलं. आईला टाइप टू डायबेटिस होऊन चौदा वर्षं झालीत. आणि डायबेटिसवाल्यांच्या बाबतीत हा प्रकार डॉक्टरांना चांगलाच माहीत आहे. टाइप टूमध्ये हाडांची घनता बहुतेकदा नॉर्मल असते, कधी कधी नॉर्मलपेक्षाही जास्त. तरी खुबा मोडायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. २००७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा ती साधारण १.४ पट निघाली. टाइप वनमध्ये तर सहा-सात पट.

का? माझ्या डोक्यात हे शिरलं ते पोळीमुळे.

ताजी पोळी घ्या. घडी घाला, गुंडाळी करा, वाकते. तीच पोळी दोन दिवस उघडी ठेवा आणि वाकवून बघा. कडकन मोडते. पिठाचा ऐवज होता तेवढाच आहे. बदलला तो पोत. डेक्सा हाडात खनिज किती आहे ते मोजतं. हाड ताजं आहे की शिळं, ते त्याला कळत नाही.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. कॅल्शियमच्या खनिजाला धरून ठेवतात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. धक्का बसल्यावर थोडं वाकायचं, जोर पचवायचा, हे काम त्या धाग्यांचं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. आपली एचबीएवनसी टेस्ट म्हणजे दुसरं काय? हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचा हिशोब. लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणून हा हिशोब तीनेक महिन्यांचा. पण हाडातलं कोलॅजन वर्षानुवर्षं टिकतं. तिथे चिकटलेली साखर धाग्याला धागा जखडून टाकते आणि हाड ठिसूळ होतं. तव्यावर पोळीला पडणारे ते खमंग तपकिरी डाग असतात ना, ती याच केमिस्ट्रीची फास्ट फॉरवर्ड आवृत्ती. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मैयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली. तव्यावर मिनिटांत, आपल्या अंगात वर्षांत.

त्यात दुसरी भानगड. आपल्या हाडांचं रिनोव्हेशन अखंड चालू असतं. एक टीम जुनं हाड पोखरते, दुसरी नवं भरते. दर वर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा बदलला जातो. टाइप टूमध्ये हे काम मंदावतं. म्हणजे शिळं हाड लवकर काढलंच जात नाही. बिल्डर सुट्टीवर, जुनी इमारत उभी आणि बाहेरून रंग मात्र छान!

मग डॉक्टरांनी काय करायचं? मोठ्या अभ्यासांतून दिसलंय की डायबेटिस असलेल्या बाईचा टी-स्कोअर साधारण अर्ध्या अंकाने वाईट समजून वाचावा, म्हणजे धोक्याचा अंदाज जवळपास बरोबर येतो. शेफिल्ड विद्यापीठातून २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ नावाचं एक कॅल्क्युलेटर आलं. वय, वजन, सिगारेट वगैरे भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता सांगतं. पण मूळ फ्रॅक्समध्ये टाइप टू डायबेटिसला रकानाच नव्हता. त्यावर तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय सॉलिड आहे. पेशंटला आमवात नसला तरी आमवाताच्या रकान्यात टिक करा, उत्तर खऱ्याच्या जवळ जातं! जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं कोण म्हणतं?

आईचा उणे १.६ अर्ध्या अंकाने खाली आणला तरी उणे २.१ होतो. नापास नाहीच, पण सतरा अंगठ्यांच्या लायकीचाही नाही.

हाडं उलट बोलतात का?

साखर हाडाला बिघडवते, हे झालं. पण हाडही साखरेला काही सांगत असेल का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले संशोधक जेरार्ड कार्सेंटी यांनी २००७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हाच बॉम्ब टाकला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हाड बनवणाऱ्या पेशी ‘ऑस्टिओकॅल्सिन’ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात आणि ते स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन वाढव. हे प्रथिन नसलेले उंदीर जाड झाले, त्यांची साखर चढली. म्हणजे सांगाडा ही नुसती खुंटी नाही, तीही एक ग्रंथी! सगळीकडे वाहवा झाली.

मग २०२० मध्ये दोन वेगळ्या गटांनी स्वतःचे ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांची साखर बिलकूल बिघडली नाही. झाली की पंचाईत! तेव्हापासून वाद रंगलाय. माणसांत हे कितपत खरं, याचा निकाल लागलेला नाही. मला हा भाग मुद्दाम सांगावासा वाटला. कारण ‘हाडं मजबूत करा, डायबेटिस पळवा’ असं लिहिलेला एखादा प्रोटीन पावडरचा डबा तुमच्या हातात कधीही पडू शकतो. डबा तिथेच ठेवा आणि शांतपणे पुढे चालू लागा.

तीच गोष्ट डी-व्हिटॅमिनची. हाडांना ते लागतंच आणि कमी असेल तर डॉक्टर देतील ते घ्यायचंच. पण प्रीडायबेटिसवाल्या २४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४००० युनिट देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला. डायबेटिस टळण्यात ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे कॅप्सूल गिळून माझा ५.९ खाली येणार नव्हता. डोक्याला शॉट, पण खरं तेच.

गोळ्यांची पिशवी

आईला डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही तिला मधुमेहतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी टी-स्कोअर शेवटी बघितला. आधी आईचे डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला एक बारीक नायलॉनचा धागा टेकवला. ‘कळतंय का?’

‘काय?’ आई म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये चार रात्री वाचून जे सापडलं नाही, ते त्या एका ‘काय?’मध्ये होतं. स्लिपर निघालेली तिला कळली नाही, कारण तिच्या तळपायांना आता फारसं काही कळतच नाही. डायबेटिसमध्ये हाड मोडतं त्याचं अर्धं कारण हाडात असतं आणि अर्धं पडण्यात. बधिर पाय, अधू नजर, रात्री-अपरात्री बाथरूमच्या फेऱ्या, साखर एकदम खाली जाऊन येणारी घेरी.

मग त्यांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. ग्लिटाझोन गटातली औषधं घेणाऱ्या बायकांमध्ये फ्रॅक्चर वाढतात हे २००६ नंतर स्पष्ट होत गेलंय. पायोग्लिटाझोन त्याच गटातली. आईच्या पिशवीत ती नव्हती. मेटफॉर्मिन मात्र चौदा वर्षं होती. हाडांना मेटफॉर्मिनचा त्रास नाही. पण ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात आई शुद्ध शाकाहारी. आणि बी-१२ कमी पडलं की नसा आणखी बधिर होतात. तपासलं. बी-१२ कमी होतं.

सहा गावांतल्या आयांचं तेच बी-१२. एका चक्रात फिरून आम्ही पुन्हा तिथेच आलो होतो.

(इथे थांबा! हे वाचून घरातल्या कुणाच्याही गोळ्या स्वतः बंद करायच्या नाहीत. पिशवी उचला, डॉक्टरांसमोर ओता. बास.)

आता आपलं काय?

देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक माझ्यासारखे दारात उभे आहेत. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे हे आकडे. तुमच्या क्युबिकलच्या आजूबाजूला एक नजर टाका, दोघं-तिघं सापडतील. त्यातले निम्मे ‘बारीक’ असतील आणि दुसरा केक पीस खात असतील.

त्यात वय आपलं असं! हाडांचं खातं भरायचं ते साधारण तिशीपर्यंत. नंतर आहे ती शिल्लक सांभाळायची आणि बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर काही वर्षं पैसे धडाधड बाहेर जातात. तुम्ही पंचविशीत असाल तर तुमची खिडकी उघडी आहे. मी तेहतिशीत, म्हणजे डिपॉझिट जवळपास बंद.

दिलासा एवढाच की दोन्ही खात्यांत एकदम जमा होणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू आणि हाडाला ‘अजून तुझी गरज आहे’ हे सांगतात तेही स्नायू, त्याला खेचून. अंतराळात वजनच नसतं, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. आपण अंतराळात नसतो. फक्त दहा तास चाकाच्या खुर्चीवर असतो.

या आठवड्याचा होमवर्क

• फक्त वजन बघू नका. कंबर मोजा. घरात डायबेटिस असेल तर बारीक असलात तरी साखर तपासा.

• आठवड्यातून दोन दिवस वजन उचला. जिम नको असेल तर भाजीच्या पिशव्या हातात आणि जिना पायाखाली.

• जेवणानंतर दहा मिनिटं चाला. मीटिंग फोनवर असेल तर तीही चालता चालता.

• दिवसाला लागणारं कॅल्शियम सुमारे १००० मिलिग्रॅम. कपभर दुधात साधारण सव्वादोनशे ते अडीचशे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. पण भाकरी नाचणीची असली तरी भाकरीच, तीन खाल्ल्या तर साखरही तीन भाकऱ्यांची!

• ऊन काचेतून घेऊ नका. डी-व्हिटॅमिन बनवणारे किरण काचेत अडकतात. लंच ब्रेकला बाहेर पडा.

• शाकाहारी असाल, किंवा घरात कुणी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ तपासून घ्या.

• आईबाबांच्या घरी या रविवारी जा. बाथरूमबाहेर घसरणारं पायपुसणं असेल तर उचला, रात्रीचा दिवा लावा, भिंतीला आधाराचा दांडा बसवा. आणि मागून पट्टा नसलेल्या स्लिपर सरळ फेकून द्या.

शेवटचा मुद्दा मी स्वतः केलाय. आईने त्या स्लिपर कचऱ्यातून परत काढल्या. ‘दोनशे रुपयांच्या आहेत’ म्हणे. मी पुन्हा फेकल्या. सध्या स्कोअर बरोबरीत आहे.

आई आता वॉकर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. पाण्याची ड्युटी बाबांकडे गेलीय, त्यामुळे बादली रोज वाहते आणि आईची कॉमेंट्रीही. मी ऑफिसचे सहा मजले चढते. पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर फोन आल्याचं नाटक करून थांबले होते, आता नाही. संध्याकाळी दोघी एकमेकींना हिशोब देतो. तिच्या फेऱ्या, माझे मजले.

परवा तिने विचारलं, ‘तुझी शुगर परत कधी तपासणार आहेस?’

‘अगं, काही नाही, जराशी बॉर्डरवर आहे.’

‘“काही नाही” हा माझा डायलॉग आहे,’ आई म्हणाली. ‘सोमवारी जाऊन ये. उपाशीपोटी.’

सोमवारी जातेय. तुम्हीही जा!